शेतकऱ्याच्या नावानं वाइन

जानेवारी 2022 च्या शेवटच्या आठवड्यात मी तुळजापूर तालुक्यात मावसभावाच्या बागेत होतो. तीन एकर माणिक चमन जातीची द्राक्षं, घड तोडणीला आलेले, आणि शिवारात फिरणारा व्यापारी रोज किलोमागं दोन रुपये खाली मागत होता. रात्री जेवताना टीव्ही लावला तर राज्यभर आमचीच चर्चा. 27 तारखेला मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात आणि मोठ्या दुकानांत वाइनचं कपाट ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं. एक बाजू म्हणत होती, वाइन म्हणजे दारू नव्हे, हा निर्णय द्राक्ष उत्पादकासाठी आहे. दुसरी म्हणत होती, महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र होऊ देणार नाही. भाऊ भाकरी मोडता मोडता ऐकत होता. मग म्हणाला, "आपल्यासाठी एवढं भांडायलेत, बरं वाटायलंय. पण आपल्या मालाची वाइन होती का रं?"

होत नाही. निदान कुणी दोनदा विकत घेईल अशी होत नाही. माणिक चमन, सोनाका, तास-ए-गणेश ही सगळी थॉमसन सीडलेसची भावकी. खायला आणि बेदाण्याला चांगली. मणी फुगावा म्हणून आपण विरळणी करतो, जीए या संप्रेरकाच्या द्रावणात घड बुडवतो. वाइनवाल्याला नेमका उलटा मणी लागतो: बारीक, जाड सालीचा, बियांचा. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. मणी जितका लहान तितकी रसाच्या मानानं साल जास्त. त्यासाठी शिराज, कॅबर्ने सॉव्हिनियाँ असली वाणं वेगळी लावावी लागतात, आणि एकदा लावली की ती बाजारात पाटीत मांडून खपत नाहीत. घेणारा एकच, वाइनरी. राज्यात पिकणाऱ्या द्राक्षांतला फार थोडा वाटा तिकडं जातो. बाकीची द्राक्षं घरोघरच्या ताटात, परदेशी कंटेनरात, नाहीतर बेदाण्याच्या शेडवर.

म्हणजे त्या रात्री ज्याच्या नावानं दोन्हीकडचे घसा कोरडा करत होते तो माणूस बहुतांशी त्या खेळात नव्हताच. आणि जो होता, नाशिक पट्ट्यात करारावर वाइनची द्राक्षं पिकवणारा, त्याला किलोला काय भाव मिळतो आणि पैसे किती दिवसांत हातात पडतात, एवढं साधं कुणी विचारलं नाही. पुढं अण्णा हजारेंनी उपोषणाची घोषणा केली, मग ते स्थगित झालं, सरकार बदललं आणि निर्णय कागदावरच बारगळला. वाद मात्र अधूनमधून उकरला जातो, आणि दर वेळी साक्षीला उभा केला जातो तो शेतकरीच.

माझं म्हणणं असं आहे. वाइन किती दुकानांत विकायची, हा प्रश्न शेतकऱ्याच्या दृष्टीनं दुय्यम आहे. घड कोण पिळतं, हिशेब कोण तपासतं आणि बाटलीवर काय लिहायचं हे कोण ठरवतं, यावर त्याचा संसार चालतो. हे मी कल्पनेनं बोलत नाही. वाइनचा इतिहास वाचायला घेतला की हीच गोष्ट पुनःपुन्हा समोर येते.

काळ्या समुद्राकाठच्या जॉर्जिया देशात सुमारे 8000 वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांत द्राक्षवाइनचे अंश सापडल्याचं 2017 मध्ये जाहीर झालं. तिथं आजही कित्येक घरांत मोठे रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरून त्यांत रस आंबवतात. क्वेव्री म्हणतात त्या रांजणाला. पिकवणारा, पिळणारा आणि पिणारा एकाच उंबऱ्याच्या आतले असल्यामुळं 'उत्पादकाला भाव' हा प्रश्नच तिथं जन्मला नसणार. प्रश्न जन्मतो तो माल गावाबाहेर जायला लागला की.

आणि आमच्याकडं वाइन आली ती पहिल्यापासून दुसऱ्याच्या ताटासाठी. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या व्यापारी वाटाड्यात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. पहिलंच नाव वाइनचं; इटलीची जास्त पसंतीची, मग लाओडिकियाची आणि अरबस्तानातली. राजासाठीची यादी वेगळी: चांदीची भांडी, गाणारी मुलं, जनानखान्यासाठी मुली आणि उंची वाइन. त्याच पुस्तकात पुढं आमचा पत्ता आहे. भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आमचं तेर. रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्या हाकत पैठणहून मौल्यवान खडे आणि तेरहून साधं कापड, मलमल भडोचला जायची. पैठणहून नदीकाठानं वर गेलं की जवळच नेवासं. तिथल्या उत्खननात अँफोरा, म्हणजे भूमध्य समुद्राकडून वाइन-तेल घेऊन येणाऱ्या निमुळत्या घागरींचे तुकडे निघाले. तेरला मिळालेली हस्तिदंती बाई आणि इटलीत पाँपेईच्या राखेत सापडलेली बाई बहिणी शोभाव्यात अशा आहेत. या व्यापाराचा आम्हाला अभिमान आहे, शाळेच्या सहली तेरच्या संग्रहालयात जातात, ते ठीकच. पण जमाखर्च मांडून बघा. विणकर तेरचा, गाडी-बैल तेरचे, आणि उंची घागर राजवाड्यात. गोरोबाकाकांचं गाव ते. मडकं घडवणारा आणि मडक्यातलं पिणारा यांच्यातलं अंतर त्या गावाला नवं नाही.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर टोप्या-मोजे घातलेले परदेशी पाहुणे पेले घेऊन आरामात बसलेत, ते बघितलं की हेच आठवतं. चित्रकाराला मजा आलेली दिसते.

द्राक्ष मात्र आमचं आहे, उसनं नाही. इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादेत आला, त्यानं नोंद केली की इथं द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी करणाऱ्या बागायतदाराला यात नवल वाटणार नाही. युरोपातली वेल थंडीत झोपते, आपली झोपतच नाही. दोनदा छाटून आपण पीक मात्र एकदाच घेतो. जालन्याजवळच्या कडवंचीनं पाणलोटाची कामं करून, शेततळी खोदून दुष्काळी माळावर द्राक्षं उभी केली, ती याच जमिनीत. तेव्हा 'मराठवाड्यात कसली द्राक्षं' असं नाशिककर म्हणतात तेव्हा त्यांना दौलताबादची आठवण द्यायला हरकत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडं येतो. 1860 च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्झेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीनं फ्रान्सचे मळे वाळवायला सुरुवात केली. उपाय अमेरिकेतच सापडला: तिथल्या रानवेलीची मुळं त्या किडीला दाद देत नाहीत, म्हणून खुंट अमेरिकेचा आणि वरचं कलम फ्रान्सचं. भावाच्या बागेत जमिनीखाली तोच तोडगा आहे. तो ज्याला डॉगरिज म्हणतो ती टेक्सासकडची रानवेल. आपण ती किडीसाठी नाही तर बोअरच्या खारट पाण्यासाठी आणि पाण्याच्या ताणासाठी लावतो. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच शेतकऱ्याचं दुखणं आणि आमचं, मुळापाशी असं जोडलेलं आहे.

मळे पुन्हा उभे राहिले, पण मधल्या काळात व्यापाऱ्यांनी द्राक्षाशिवाय वाइन करायची कला साधली होती. साखरपाणी घालून वाढवायची, बाहेरून आणलेल्या बेदाण्याची भिजवून करायची, अल्जीरियातून आणलेली मिसळायची. दक्षिणेकडच्या लांगदोक भागात, जिथं कामगारांच्या रोजच्या पिण्याची साधी वाइन व्हायची, तिथं भाव उत्पादन खर्चाच्या खाली गेले. लक्षात घ्या, दुकानं कमी नव्हती. फ्रान्समध्ये त्या काळी माणसं जेवणाबरोबर पाण्यासारखी वाइन पीत होती. सरकारनं विक्री रोखलेली नव्हती, समाज तिला पाप मानत नव्हता. आणि तरी पिकवणारा देशोधडीला लागला होता. आपल्याकडं 'विक्री वाढली की शेतकरी तरेल' असं म्हणणाऱ्यांनी या एका गोष्टीचं उत्तर द्यावं.

11 मार्च 1907 ला आर्जेलिए गावचे 87 शेतकरी नारबोनला आलेल्या संसदेच्या समितीपुढं गाऱ्हाणं मांडायला निघाले. पुढारी मार्सेलँ आल्बेर, थोडा मळा आणि गावात एक कॅफे असलेला माणूस. मग दर रविवारी एकेका शहरात सभा, दर सभेला गर्दी वाढती. 9 जूनला माँपेलिएत पाच लाखांच्या वर माणूस जमलं. गावोगावच्या महापौरांनी राजीनामे दिले, कर भरायचं बंद झालं. सरकारनं फौज पाठवली, नारबोनमध्ये गोळीबार झाला, माणसं मेली. सतराव्या पायदळ पलटणीत भरती त्याच भागातली होती. आपल्याच लोकांवर गोळ्या झाडाव्या लागतील म्हणून शिपायांनी बंड केलं.

आल्बेर लपत छपत पॅरिसला पंतप्रधान क्लेमांसोला भेटायला गेला. क्लेमांसोनं त्याचं ऐकून घेतलं, आणि परतीच्या रेल्वेभाड्यासाठी शंभर फ्रँकची नोट दिली. साध्या माणसानं ती घेतली. मग क्लेमांसोनं ही गोष्ट वर्तमानपत्रांना सांगितली. आल्बेर गावी पोचला तेव्हा त्याचीच माणसं त्याच्याकडं फितूर म्हणून बघत होती. शेतकरी आंदोलनातल्या पुढाऱ्याला कसं संपवावं याचं इतकं स्वस्त उदाहरण मी दुसरं वाचलेलं नाही. आपल्याकडच्या बंगल्यावरच्या बैठका आठवणाऱ्याला ते विस्तारून सांगायची गरज नाही.

पण आंदोलन फुकट गेलं नाही, आणि काय मिळालं ते महत्त्वाचं. 29 जून 1907 चा कायदा. प्रत्येक उत्पादकानं किती माल काढला आणि शिल्लक किती, हे जाहीर करायचं. साखरेवर जादा कर. दिसायला कोरडी कारकुनी. पण गावात किती द्राक्ष पिकलं हे एकदा फळ्यावर लागलं की त्याच्या दुप्पट वाइन त्या गावाच्या नावानं विकता येत नाही. त्याच वर्षी उत्पादकांनी महासंघ काढला आणि भेसळ पकडायला स्वतःची माणसं नेमली. त्याआधी 1901 मध्ये मारोसाँ गावात छोट्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन वाइन विकायला सुरुवात केली होती, पुढं स्वतःचं तळघर बांधलं. नंतरच्या काळात दक्षिण फ्रान्सभर अशी सहकारी तळघरं उभी राहिली. 1935 मध्ये गावाचं नाव बाटलीवर कुणी आणि कुठल्या अटींवर लावायचं याचा राष्ट्रीय कायदा झाला. शेतकऱ्याच्या हाती जे काही उरलं ते या कंटाळवाण्या कागदांमुळं उरलं.

आता आपलं बघू. 2001 मध्ये महाराष्ट्रानं द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले, उत्पादन शुल्कात सवलत दिली. वाइनऱ्या झाल्या, नाशिकचं नाव झालं, ते चांगलंच. पण 2008 नंतर मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, टाक्या भरलेल्याच राहिल्या, आणि वाइनची द्राक्षं लावलेल्या अनेकांनी स्वतःच्या हातानं बागा तोडल्या. ती द्राक्षं पाटीत घालून विकता येत नव्हती, हे वर आलंच आहे. धोरण कारखान्यासाठी होतं. संकटात शेतकऱ्याचं काय, यावर त्यात काही धरायला नव्हतं.

उसाची तुलना करा. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानं कारखान्यानं ऊस घेतल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर 15 टक्के व्याज. त्याची अंमलबजावणी कशी होते हे मराठवाड्याला शिकवायला नको. पण निदान कागद हातात घेऊन पुण्यात साखर आयुक्तांच्या दारात बसता येतं. वाइनच्या द्राक्षाला असा कागदच नाही. (आणि गंमत बघा, मळीपासून स्पिरिट होतं, त्याची दारू होते, तीही शेतमालाचीच. पण देशीच्या दुकानासाठी ऊस उत्पादकाचं नाव घ्यायची कुणाला हिंमत होत नाही. वाइनला मात्र शेतकरी लागतो.)

राज्यात वाइनवर 20 टक्के व्हॅट आहे आणि प्रोत्साहन म्हणून त्यातले 16 टक्के वाइनरीला परत मिळतात. हा जनतेचा पैसा शेतकऱ्याच्या नावानं जातो, तर त्याला तीन अटी लावा. घड तोडल्यापासून ठरलेल्या दिवसांत पैसे दिल्याच्या पावत्या दाखवल्याशिवाय परतावा नाही. किती टन द्राक्ष घेतलं आणि किती लिटर वाइन काढली, हे वाइनरीगणिक दरवर्षी जाहीर करायचं. आणि बाटलीवर तालुक्याचं नाव. बाहेरून आणलेली वाइन मिसळली असेल तर तेही तितक्याच मोठ्या अक्षरांत. चौथी अट मला लावावीशी वाटते, पण तिथं माझंच मन कचरतं: परताव्यातला काही वाटा शेतकऱ्यांच्या मालकीच्या लहान पिळणी-युनिटांसाठी राखून ठेवायचा. सहकाराची गंजलेली धुराडी बघत मोठा झालेला मी, मारोसाँचं उदाहरण किती जोरात सांगू? शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या रूपात पुन्हा करून बघता येईल. दहापैकी आठ बुडतील. दोन राहिल्या तरी पिळणारा हात बदलेल.

यावर खरा आक्षेप माझ्याच घरातून येतो. आई म्हणते, "तुमच्या वाइनचं कौतुक ठेवा बाजूला, पिणारा बाटलीवरचा तालुका वाचत बसतोय का?" दारूनं घर धुऊन गेलेल्या बाईसमोर 'वाइन ही दारू नव्हे' असं म्हणायची माझी छाती नाही. ते वाक्य खोटंच आहे. वाइनमध्ये साधारण 12-13 टक्के अल्कोहोल असतं, साध्या बिअरच्या दुपटीहून जास्त. म्हणून गावोगावच्या बायकांनी आडवी बाटली निवडून दुकानं बंद पाडली तो हक्क वाइनच्या कपाटालाही जसाच्या तसा लागू हवा. यात शेतकऱ्याचं काही बुडत नाही.

सरसकट बंदीनं बायकांचं दुखणं मिटतं, यावर मात्र माझा विश्वास नाही. अमेरिकेत 1920 ते 1933 बंदी होती. घरगुती फळांच्या रसाला सूट असल्यामुळं लोक घरीच वाइन करू लागले, आणि कॅलिफोर्नियात द्राक्षाखालचं क्षेत्र उलट वाढलं. फक्त चांगली वाणं काढून शेतकऱ्यांनी जाड सालीची, लांबच्या रेल्वे प्रवासात टिकणारी लावली. बंदी उठली तेव्हा पिणारे शिल्लक होते, चांगली द्राक्षं नव्हती.

पाण्याचाही प्रश्न आहे, आणि लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं पाहिलेल्या माणसानं तो टाळू नये. 2016 च्या त्या उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांचं पाणी आधी निम्म्यानं आणि मग 60 टक्क्यांनी कापलं. टीका झाली, पण लोकांना तो निकाल पटला. रोमचा सम्राट डोमिशियन यानं इसवी सन 92 च्या सुमारास, वाइन उदंड आणि धान्य कमी अशा वर्षी, प्रांतांतल्या निम्म्या वेली उपटायचा हुकूम काढला होता. तो त्याला अमलात आणता आला नाही. कुणी काय लावायचं हे हुकमानं ठरत नाही, ते कशाचे पैसे वेळेवर मिळतात यावर ठरतं. द्राक्षाला उसापेक्षा बरंच कमी पाणी लागतं. तरी आमच्याकडं ऊस वाढतो, कारण त्याला 14 दिवसांचा तो फाटका का होईना कागद आहे.

गेल्या दिवाळीत भावाकडं गेलो तर एका वाइनरीचा माणूस येऊन गेला होता. एक एकर शिराज लावा, रोपं आम्ही देऊ, माल आम्हीच घेऊ. करार इंग्रजीत, सहा पानांचा. भावानं मला वाचायला दिला. साखर किती अंश हवी ते होतं, ती मोजणार कंपनी. माल नाकारायचा अधिकार कंपनीचा. दर कंपनी हंगामाच्या सुरुवातीला कळवणार. पैसे कधी, त्या ओळीत रिकामी जागा होती. "मी इचारलं त्याला," भाऊ म्हणाला, "तर म्हणला, तेवढं नंतर भरू." करार टीव्हीखाली ठेवलाय, रिमोट वर ठेवायला बरा पडतो.